जुने रिव्हॉल्व्हर आणि नेमके काडतूस: बसले म्हणून चालत नाही

"वडिलांचे .३२ चे रिव्हॉल्व्हर आता माझ्या परवान्यावर आले आहे. दुकानात .३२ ची काडतुसे मिळतात. तीच घ्यायची ना?" वारसाहक्काने शस्त्र मिळालेले वाचक हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतात. कोणाकडे निवृत्त फौजदार आजोबांचे वेब्ली असते, कोणाकडे शेतावरच्या घरात राहिलेले जुने अमेरिकन किंवा स्पॅनिश बनावटीचे. काडतुसांची अर्धी पेटीही सोबत असते आणि ती कधीची, हे घरात कोणालाच माहीत नसते.

थोडक्यात उत्तर असे की ".३२" हे काडतुसाचे अर्धेच नाव आहे. या आकड्याची निदान चार-पाच वेगवेगळी काडतुसे आहेत. त्यांतली काही चुकीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतात आणि उडतातही. किल्ली कुलपात शिरली म्हणजे ती त्याच कुलपाची असे आपण म्हणत नाही, तोच न्याय इथे लावा. परवाना, शस्त्र आणि काडतूस या तिन्हींवरचे पूर्ण नाव जुळले तरच काडतूस भरायचे. एकाही ठिकाणी शंका असेल तर शस्त्र रिकामे ठेवायचे. ही जुळणी कशी करायची, ते क्रमाने पाहू.

सर्वांत आधी: शस्त्र तुमच्याकडे कायदेशीर आहे का?

परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. तुमच्या नावे परवाना नसेल, तर ते घरात ठेवणे हाच गुन्हा ठरतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान २ ते कमाल ५ वर्षे आणि दंड अशी आहे.

- जमा करा. अधिनियमाच्या कलम २१ नुसार शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. शस्त्राचा क्रमांक, बोअर (नळीचे माप) आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या.
- अर्ज करा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र सहसा मागतात, ते तयार ठेवा.
- हयातीतही सोय आहे. परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर शस्त्र नियम, २०१६ नुसार तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो.
- मर्यादा लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका-पिस्तुले ठेवता येत नाहीत. वारसाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते.

पहिली पायरी: शस्त्र रिकामे आहे याची खात्री

"रिकामेच आहे" असे सांगून हातात दिलेले शस्त्र भरलेले आहे असेच समजा. नळी निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर आणि घरातली मुले दुसऱ्या खोलीत. मग ते उघडून पाहा.

- वेब्लीसारखी रिव्हॉल्व्हरे वरचा खटका दाबला की बिजागरीवर मधोमध उघडतात.
- कोल्ट, स्मिथ अँड वेसन (एस अँड डब्ल्यू) आणि त्यांच्या धर्तीच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांचा सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर येतो.
- काही जुन्या रिव्हॉल्व्हरांत सिलिंडर बाहेर येत नाही. उजव्या बाजूची छोटी झडप उघडून एकेक चेंबर समोर आणावे लागते. यात एखादे चेंबर नजरेतून सुटते, म्हणून सिलिंडर पूर्ण एक फेरी फिरवून चेंबर मोजा. ते पाच असतील किंवा सहा.

खटका गंजून अडकला असेल तर ठोकाठोक करू नका. शस्त्र आहे तसे, नळी निर्धोक दिशेला ठेवून बाजूला ठेवा आणि परवानाधारक कारागिराला विचारा.

दुसरी पायरी: शस्त्रावरची अक्षरे वाचा

भिंग आणि विजेरी घ्या. नळीची बाजू, सिलिंडरचे तोंड, चौकटीचा खालचा भाग आणि मुठीचा बुंधा या ठिकाणी मजकूर शोधा. जे दिसेल ते जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्या. छायाचित्र काढले तर ते समाजमाध्यमांवर टाकू नका. वाचताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

- पूर्ण नाव हवे. "३२ एस अँड डब्ल्यू लाँग" असे लिहिले असेल तर उत्तर जवळजवळ मिळाले. नुसते "३२" किंवा "३८" असेल तर अजून काहीच कळलेले नाही.
- कंपनीचे नाव पुरेसे नाही. जुन्या स्पॅनिश नकलांवर स्मिथ अँड वेसनचे नाव सापडते. ते बऱ्याचदा काडतुसाचे नाव असते, बनवणाऱ्याचे नसते. या नकलांच्या पोलादाचा दर्जा एकसारखा नव्हता.
- चाचणीच्या मुद्रा पाहा. ब्रिटिश शस्त्रांवर "एनपी" ही मुद्रा असेल तर शस्त्राची निर्धूर दारूने चाचणी झालेली आहे. "एनपी" नसून नुसती "बीपी" असेल तर चाचणी फक्त काळ्या दारूची. मात्र मुद्रा त्या दिवसाची ग्वाही देते, पुढच्या ऐंशी वर्षांत शस्त्राला काय झाले ते सांगत नाही.
- नळीवरचे सारेच खरे असेल असे नाही. मधल्या काळात कोणी सिलिंडर बदललेला किंवा चेंबर कोरून लांब केलेले असू शकते. नळीवरची अक्षरे मात्र जुनीच राहतात.

म्हणून चेंबरचे प्रत्यक्ष माप महत्त्वाचे. रिकामा सिलिंडर उजेडाकडे धरून मागून आत पाहा. मूळ चेंबरमध्ये पुढच्या बाजूला एक बारीक पायरी दिसते. काडतुसाची पितळी केस तिथपर्यंत जाते आणि पुढे अरुंद भागातून फक्त गोळी निघते. पायरी दिसत नसेल आणि भोक आरपार एकसारखे असेल, तर लांब काडतूस अडवणारे तिथे काहीच नाही. असे रिव्हॉल्व्हर कारागिराकडे न्यायलाच हवे. तो चेंबरचा साचा काढून मापे घेतो. अक्षरे पुसलेली किंवा संशयास्पद असतील तर दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

तिसरी पायरी: .३२ च्या घरातली माणसे ओळखा

भारतात सामान्य परवान्यावर सर्वाधिक दिसणारे रिव्हॉल्व्हर .३२ चेच. कानपूरच्या आयुध कारखान्यांतून येणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरांचे काडतूस "३२ एस अँड डब्ल्यू लाँग" हे आहे. पण जुन्या परदेशी शस्त्रांच्या बाबतीत पुढचे फरक पाहावेच लागतात.

- .३२ एस अँड डब्ल्यू लाँग (१८९६). केस सुमारे २३ मिलिमीटर लांब, बुडाला कडा. कमाल दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड. काही जुन्या कोल्टवर याच काडतुसाला "कोल्ट न्यू पोलीस" म्हटले आहे.
- .३२ एस अँड डब्ल्यू (१८७८). जाडी तीच, केस सुमारे १५ मिलिमीटर. मुळात काळ्या दारूचे काडतूस. "लाँग"च्या चेंबरमध्ये हे आखूड काडतूस बसते आणि चालते. उलटे मात्र कधीही करू नका. आखूड काडतुसासाठीच बनवलेल्या जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये "लाँग" शिरलेच, तरी ते त्याचे काडतूस नव्हे.
- .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग (१८९९). हे पिस्तुलाचे काडतूस. केस सुमारे १७ मिलिमीटर. सर्वांत जास्त गोंधळ याचाच होतो, कारण .३२ पिस्तूल आणि .३२ रिव्हॉल्व्हर दोन्ही आपल्याकडे परवान्यावर मिळतात आणि दोन्हींची काडतुसे एकाच दुकानात असतात. याच्या बुडाची कडा अगदी थोडी बाहेर असते. तेवढ्या आधारावर ते काही "लाँग" रिव्हॉल्व्हरांत टिकून राहते आणि उडतेही. याचा कमाल दाब मात्र २०,५०० पौंडांपर्यंत जातो, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त.
- .३२ लाँग कोल्ट. नावात "लाँग" असले तरी केस बारीक आहे. "एस अँड डब्ल्यू लाँग"च्या चेंबरमध्ये ते सैल बसते आणि केस फाटू शकते. या दोघांची अदलाबदल होत नाही.
- .३२ एच अँड आर मॅग्नम (१९८४) आणि .३२७ फेडरल मॅग्नम. यांची केस लांब आणि दाब कितीतरी जास्त. जुन्या रिव्हॉल्व्हरशी यांचा संबंध नाही.

दुकानात काय पाहायचे? काडतूस उलटे करा. पितळी बुडाच्या मधोमध छोटी गोल टोपी असते आणि तिच्याभोवती अक्षरे कोरलेली असतात. "केएफ" दिसले तर ते पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याचे. त्यापुढच्या अक्षरांत काडतुसाचे नाव शोधा. पेटीवर एक आणि बुडावर दुसरेच असेल तर बुडावरचे खरे धरा, आणि ती पेटी घेऊ नका.

चौथी पायरी: .३८ आणि .४५५ असेल तर आधी परवाना, मग काडतूस

इथे सुरक्षेआधी कायदा आडवा येतो. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत .३८० किंवा .४५५ चे कडा असलेले काडतूस ज्यात बसून उडू शकते, असे कोणत्याही बोअरचे रिव्हॉल्व्हर प्रवर्ग १(क) मध्ये येते. या प्रवर्गाचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. १९१५ चे वेब्ली मार्क सहा .४५५ चे आहे. .३८ चे वेब्ली मार्क चार आणि एनफिल्ड क्रमांक दोन हीसुद्धा .३८० चीच काडतुसे घेतात. नळीवर काय लिहिले आहे यापेक्षा चेंबरमध्ये काय बसते, हे नियम विचारतो. अशा प्रतिबंधित शस्त्राचा अधिकार नसताना ते बाळगण्याची शिक्षा किमान ७ ते कमाल १४ वर्षे आहे. जुन्या परवान्यावर नुसते ".३८ रिव्हॉल्व्हर" असेल तर काडतूस विकत घेण्याआधी परवाना शाखेकडून लेखी खुलासा घ्या.

खुलासा झाल्यानंतरही मापांचा गोंधळ उरतोच.

- .३८ एस अँड डब्ल्यू (१८७७) आणि ब्रिटिश .३८० ही आखूड पण जाड काडतुसे. दाब सुमारे १४,५०० पौंड.
- .३८ स्पेशल हे लांब पण बारीक काडतूस. दाब १७,००० पौंड. ते जाड चेंबरमध्ये सैल राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश मापाची कित्येक स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरे चेंबर कोरून .३८ स्पेशलसाठी बदलली गेली. त्यांत उडवलेल्या केसा मधोमध फुगतात, कधी उभ्या फाटतात.
- .३५७ मॅग्नम (१९३५) ची केस .३८ स्पेशलपेक्षा सुमारे सव्वातीन मिलिमीटर लांब आहे, ती त्याच्या चेंबरमध्ये जाऊ नये म्हणूनच. दाब ३५,००० पौंड. कोरलेल्या, आरपार चेंबरमध्ये हे संरक्षण उरत नाही.
- "प्लस पी" लिहिलेली .३८ स्पेशल काडतुसे जास्त दाबाची असतात. जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी ती नाहीतच.
- .४५५ च्या वेब्लीचा सिलिंडर मागून घासून .४५ एसीपी वापरण्याची सोय परदेशात अनेकांवर केली गेली. .४५ एसीपीचा दाब २१,००० पौंडांपर्यंत जातो आणि वेब्लीच्या मूळ काडतुसाचा त्याहून बराच कमी. शंभर वर्षे जुन्या बिजागरीवर तो भार टाकू नका. सिलिंडरची मागची बाजू घासलेली दिसली, तर हे शस्त्र उडवण्यासाठी नाही असेच समजा.

पाचवी पायरी: काडतूस बरोबर, पण शस्त्र धड आहे का?

नेमके काडतूससुद्धा झिजलेल्या शस्त्रात धोक्याचे असते. शस्त्र रिकामे असताना घरी एवढे तपासता येते:

1. घोडा सावकाश मागे ओढा. सिलिंडर "टक्" करून जागेवर अडकला पाहिजे. बोटाने तो आणखी फिरत असेल तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळीचे शिसे बाजूने उडून हाताला आणि शेजारच्याला लागू शकते.
2. ओढलेल्या घोड्यावर मागून अंगठ्याने हलका दाब द्या. चाप न ओढता घोडा पडला तर शस्त्र बाद समजा.
3. सिलिंडर पुढे-मागे ढकलून पाहा. खडखड जाणवली तर कारागिराला सांगा.
4. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावरच्या खाचा भिंगाखाली पाहा. तिथे धातू सर्वांत पातळ असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.
5. नळीतून आरपार पाहा. आत काळे कडे दिसले तर तिथे पूर्वी गोळी अडकून नळी फुगलेली असू शकते.

यापुढची तपासणी परवानाधारक कारागिराचीच. शस्त्र दुरुस्त करणे, बदलणे किंवा त्याची चाचणी घेणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. "मीच घासून बसवतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या लेथवाल्याकडे शस्त्र दिले तर गुन्हा दोघांवरही येतो. काडतुसे घरी भरण्याचेही तसेच.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांमध्ये अडसर नसतो. शस्त्र हातातून पडले तरी गोळी सुटू शकते. अशा शस्त्रात घोड्याखालचे चेंबर रिकामेच ठेवायचे.

पेटीत सापडलेल्या जुन्या काडतुसांचे काय?

- ती मोजा आणि वेगळी करा. परवाना ज्या बोअरचा आहे त्याबाहेरचे एकही काडतूस ठेवता येत नाही. मिश्र पेटी ही वेगळीच जोखीम आहे.
- हिरवट गंज, ओल, सैल गोळी, खोल चेपलेले बूड यांपैकी काही दिसले तर ते काडतूस वापरू नका.
- तेल लावू नका, उन्हात वाळवू नका, उघडून पाहू नका. कचऱ्यात टाकणे किंवा जाळणे तर नाहीच. पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करा.

गोळी झाडताना तीन खुणा

सरावासाठी फक्त परवानगी असलेली शूटिंग रेंज वापरा. लग्नात किंवा मिरवणुकीत बेपर्वाईने हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या शस्त्रात पहिल्यांदा एकच काडतूस भरा. डोळ्यांना आणि कानांना संरक्षण हवेच.

- घोडा पडला, आवाज नाही: लगेच दुसऱ्यांदा चाप ओढू नका. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की सिलिंडर पुढे सरकतो. उशिरा पेटणारे काडतूस तेव्हा नळीसमोर नसताना उडेल. नळी निशाण्याकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग उघडा.
- आवाज दबका, धक्का कमी: गोळी नळीतच अडकलेली असू शकते. थांबा, शस्त्र रिकामे करा आणि नळी तपासा. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते.
- झाडलेली केस पाहा: ती फुगलेली, फाटलेली किंवा निघता निघत नसेल, किंवा टोपीवरचा ठसा मधोमध नसून कडेला असेल, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपवा. केसा कारागिराला दाखवायला जपून ठेवा. शस्त्रात काय बिनसले आहे ते त्यांवरून त्याला कळते.

जुळणी झालीच नाही तर पर्याय

- उडवायचे नाही, पण ठेवायचे आहे: परवाना चालू ठेवा आणि काडतुसे घेऊच नका. नूतनीकरण चुकवू नका. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे.
- आठवण म्हणून जपायचे आहे: शस्त्र नियम, २०१६ मध्ये शस्त्र कायमचे निष्क्रिय करून घेण्याची तरतूद आहे. त्याची प्रक्रिया परवाना शाखेत विचारा. स्वतः नळी बुजवून ते निष्क्रिय ठरत नाही.
- विकायचे आहे: घेणाऱ्याचा परवाना त्याच प्रवर्गाचा हवा. आधी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि ४५ दिवस जाऊ द्या, मगच व्यवहार करा.
- नकोच आहे: पोलीस ठाण्यात जमा करून परवान्यावरून नोंद काढून घ्या.

तुमचे हक्क

- शस्त्रविक्रेत्याकडून काडतुसाचे पूर्ण नाव लिहिलेले बिल मागा आणि परवान्यावर नोंद करून घ्या. "चालतं हो, सगळे हेच नेतात" असे सांगून वेगळे काडतूस पुढे केले तर नकार द्या.
- परवाना नाकारला तर प्राधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. लोकहिताचा अपवाद सोडता, मागितल्यावर ती तुम्हाला द्यावी लागतात. त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते.
- निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावे लागले तर पावतीवर त्याची स्थिती लिहून घ्या. परत घेताना तिथेच उघडून पाहा आणि क्रमांक पडताळा.
- परवान्यावर बोअर चुकीचा किंवा अर्धवट लिहिला असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. ".३२ रिव्हॉल्व्हर"ऐवजी काडतुसाचे पूर्ण नाव नोंदवले गेले, तर पुढच्या पिढीला हा लेख शोधत बसावे लागणार नाही.